समोरच्या खुर्चीतला वाचक

बालविभागाच्या टेबलावर खोकं आलं तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते आणि वाचनालयात अजून एकही मूल फिरकलं नव्हतं. खोक्यात बासष्ट पुस्तकं होती. कार्यवाहांनी स्वतः चिकटपट्टी कापली, वरची दोन-तीन उचलून चाळल्यासारखं केलं आणि परत ठेवून दिली.

"यातली चाळीस निवडायची," ते म्हणाले. "मुलांचं शिकणं, भावना आणि ते आपलं, स्वमग्नता. पालकांची मागणी आहे. खिडकीखालची बुटकी फळी रिकामी करू. तीन आठवडे पुरतील ना बाई?"

"पुरतील."

"तुम्हाला काय, मुलांची नस ठाऊक. डोळे मिटून निवडाल."

ती नुसतं हसली. एकतीस वर्षं ती या विभागात होती. मुलं तिला पुस्तकताई म्हणत, आणि आता त्या मुलांची मुलंही म्हणू लागली होती. कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक लागू पडेल हे ती नुसतं त्याच्या चालण्यावरून सांगते, अशी तिची ख्याती होती. ती काही खरी नव्हती. ती मुलाला दहा मिनिटं मोकळं सोडायची आणि ते कुठल्या फळीपाशी रेंगाळतं ते कामात असल्यासारखं दाखवून बघायची, एवढंच.

राहायची ती दोन खोल्यांत, एकटी. तिला कोणी नाही, हे वाचनालयात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात डबा खाताना देवघेवीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं, "भावंडं किती?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "मी एकटीच." एकदा बोलून बसल्यावर ते मागे घ्यायचं कसं, हे तिला कधी सुचलं नाही. तेव्हा ते खोटं होतं. पुढे हळूहळू खरंच होत गेलं.

तिला एक भाऊ होता. तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा, म्हणजे आता चोपन्नचा. घरात त्याला बाळ म्हणत. मोठा झाल्यावर वेगळ्या नावाने हाक मारायला घरच उरलं नाही, म्हणून तो बाळच राहिला. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि ही सतराची. महिन्याभरात वडिलांनी त्याला शहराबाहेरच्या एका संस्थेत नेऊन ठेवलं. त्याला काय झालंय याला घरात शब्द नव्हता. 'तो असाच आहे,' एवढंच म्हणत. शब्द फार उशिरा आला, आणि तोही तिला वाचनालयातल्याच एका मासिकात भेटला. मासिक मिटून तिने ते जागेवर ठेवलं होतं आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पुस्तकांवर शिक्के मारले होते.

खोकं आल्याच्या तिसऱ्या दिवशी शिवणकाम करणारी एक बाई मुलीला घेऊन आली. पालकांच्या त्या मागणीवर पहिली सही हिचीच होती. मुलगी आठेक वर्षांची, आई तिला चिमी म्हणायची. आल्याआल्या चिमी जिन्याखालच्या कोपऱ्यात गेली आणि तिथली पुस्तकं उंचीप्रमाणे लावत बसली. आईने खोक्यातलं एक पुस्तक उघडलं. त्यात ओळखायचे चेहरे होते: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला.

"असली चार आहेत आमच्याकडे," ती म्हणाली. ब्लाउजच्या खांद्याला दोन टाचण्या तशाच टोचलेल्या होत्या. "हसायचं कसं, नजरेला नजर कशी द्यायची, सॉरी कधी म्हणायचं. सगळं तिनेच शिकायचं. ताई, एक विचारू?"

"विचारा की."

"तिच्या शेजारी कसं बसायचं, हे बाकीच्यांना शिकवणारं एखादं आहे का यात? शाळेत बाक दोघांचा आहे. ती एकटीच बसते."

पुस्तकताईने खोक्यात पाहिलं, जणू उत्तर वरच ठेवलेलं असेल. "शोधते," ती म्हणाली. ती बाई मान हलवून चिमीला न्यायला जिन्याकडे गेली. मुलीचं लावून व्हायला अजून सात पुस्तकं उरली होती. आई खाली जमिनीवर टेकली आणि ती सात होईपर्यंत काही न बोलता बसून राहिली.

त्या संध्याकाळपासून पुस्तकताई रोज पाच-सहा पुस्तकं घरी नेऊ लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून तिने रकाने आखले: पुस्तक, वय, चित्रं, भाषा, शेरा. पहिले चार रकाने झरझर भरत. शेऱ्यापाशी पेन अडायचं. पुस्तकं वाईट नव्हती. कागद जाड, रंग ताजे, आणि सगळ्यांची मनं चांगली. पण दहा-बारा वाचून झाल्यावर तिला एक गोष्ट खुपायला लागली. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक वेगळं मूल असायचं, बाकीची मुलं त्याला हसायची, मग त्या मुलाच्या अंगचा एखादा भारी गुण उघड व्हायचा. ते हरवलेलं कुत्रं शोधून द्यायचं, नाहीतर अवघड गणित सोडवायचं. मग सगळे टाळ्या वाजवायचे आणि त्याला खेळायला घ्यायचे. कुत्रं हरवलंच नसतं तर, असं तिच्या मनात यायचं. ज्याला गणित येत नाही त्याने काय करायचं? चहा गार व्हायचा. शेजारच्या घरातून जेवणाच्या भांड्यांचा आणि बोलण्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. एकोणीस पुस्तकं वाचून झाली आणि शेऱ्याचा रकाना कोराच राहिला.

संस्थेत ती महिन्यातून एकदा जायची, शनिवारी. बसने दीड तास. नेताना मोजे, साबण, एखादा सदरा. एक गोष्ट सांगायलाच हवी: एकतीस वर्षं लोकांच्या मुलांना पुस्तकं निवडून देणाऱ्या या बाईने त्याच्यासाठी कधी एक पुस्तक नेलं नव्हतं. त्याला वाचता येत नाही, हे घरात ठरलेलं होतं. त्या शनिवारीही तिच्या पिशवीत पाच पुस्तकं होती ती बसमध्ये वाचायला म्हणून.

भेटीच्या खोलीत एक लांब टेबल आणि सहा खुर्च्या होत्या. बाळ नेहमीसारखा तिच्या समोरच्या खुर्चीत बसला, शेजारी नाही. केस पांढरे, दाढी कोणीतरी नीट करून दिलेली, बोटं टेबलाच्या कडेवरून मागेपुढे फिरत होती. तिने मोजे दिले. त्याने ते मोजले आणि बाजूला ठेवले. तिने विचारलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "बरा आहेस ना." त्यांच्या भेटीतलं बोलणं सहसा इथेच संपायचं. मग ती वीसेक मिनिटं बसायची आणि निघायची.

त्या दिवशी बस तासाभराने होती. तिने पिवळ्या वेष्टनाचं एक पुस्तक काढलं, टेबलावर उघडं ठेवलं आणि मनातल्या मनात वाचू लागली. दोन पानं झाली असतील. समोरून सपाट, न चढता न उतरता आवाज आला:

"आवाज फार झाला की मी टेबलाखाली जाते. तिथे जग लहान असतं."

तिने वर पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता. तिने खाली पाहिलं. डाव्या पानावर तेच वाक्य होतं. ती काही मोठ्याने वाचत नव्हती.

तिने पान उलटलं. तो थांबला, आणि मग पुढचं वाक्य म्हणाला. शब्दाशब्दाला, जोडाक्षराला जरा अडखळत, पण बरोबर. तिने पटकन पुस्तक फिरवून सरळ त्याच्यासमोर धरलं. त्याने कपाळाला आठी घालून ते परत फिरवलं, होतं तसं, त्याच्या बाजूने उलटं, आणि वाचू लागला.

ती उठून दारापाशी गेली आणि तिथल्या मावशींना हाक मारली. मावशी संस्थेत अठरा वर्षं होत्या. हात पुसत आल्या.

"मावशी, हा वाचतो."

"वाचतो?" मावशींनी ऐकलं, बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकल्या. "अगं बाई. म्हणून हा वॉचमनदादांच्या समोरच जेवायला बसतो होय? दुसरी खुर्ची दिली की घास घेत नाही. दादा जेवताना टेबलावर पेपर पसरतात ना. आम्हाला आपलं वाटायचं, माणसाचा लळा आहे." त्यांना आणखी आठवलं. "मध्येच म्हणायचा, उद्या पाणी येणार नाही, कांदा महागला. आम्ही म्हणायचो रेडिओचं ऐकून बडबडतोय. त्याला पेपर दिलाय हो आम्ही कितीदा. पण हातात सरळ दिला की ढकलून द्यायचा." मग तिच्याकडे बघून, काही मनात न ठेवता त्या म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि तुम्ही तर पुस्तकांतल्याच."

परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती. पिशवी मांडीवर घेऊन ती बाहेर बघत बसली आणि एकेक लक्षात येत गेलं. ती तिसरीत-चौथीत असताना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून धडा मोठ्याने वाचायची, शब्दाखाली बोट फिरवत. आई काम करता करता ऐकायची. आणि टेबलाच्या पलीकडे, हनुवटी कडेवर टेकवून, बाळ. चार-साडेचार वर्षांचा. तो तिच्या बोटाकडे बघत बसायचा. रोज. कोणी त्याला शिकवत नव्हतं, त्यामुळे पुस्तक त्याच्याकडे सरळ करावं असं कोणाच्या मनात आलं नाही. त्याने जे पाहिलं तेच शिकला, समोरच्या बाजूने. पुढे त्याला शाळेत घालायचं निघालं तेव्हा वडिलांनी अंकलिपी हातात दिली. त्याने ती उलटी केली. वडिलांनी सरळ केली. त्याने उलटी केली. तिसऱ्यांदा वडिलांचा हात उठला. "पालथ्या घड्यावर पाणी," ते आईला म्हणाले, आणि पुस्तक फळीवर गेलं ते गेलंच. ती तिथेच उभी होती. दहा-अकरा वर्षांची. तिला शंका आली होती का? तिने खूप आठवून पाहिलं. आली नव्हती, असं छातीवर हात ठेवून तिला म्हणता येईना.

पुढच्या महिन्याची वाट न बघता ती बुधवारीच रजा टाकून गेली. आठ पुस्तकं नेली. समोर बसून एकेक उघडायचं, आपल्याकडे सरळ, आणि त्याला वाचू द्यायचं. तो भराभर वाचत नव्हता, पण मध्येच सोडतही नव्हता. एक पुस्तक संपलं की ती विचारायची, "कसं आहे?" पहिल्यांदा तो म्हणाला, "कसं आहे." तिने प्रश्न बदलला. वाचनालयात लाजऱ्या मुलांना ती दोनातलं एक निवडायला सांगायची, तसं विचारलं, "खरं की खोटं?"

तो बराच वेळ बोटं फिरवत राहिला. "खोटं," तो म्हणाला.

त्या पुस्तकात गर्दीला घाबरणारा मुलगा होता. शेवटी सगळा वर्ग त्याला एकदम मिठी मारतो आणि त्याची भीती पळते.

"का खोटं?"

"मिठी टोचते."

तिने वही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मिठी टोचते.' एवढ्या दिवसांत त्या रकान्यात पडलेली ती पहिली अक्षरं.

पिवळ्या पुस्तकाला तो 'खरं' म्हणाला. एका मुलीला कपड्यातलं लेबल बोचतं आणि सगळे म्हणतात नखरे करते, त्यालाही 'खरं'. हरवलेलं कुत्रं सापडलं त्याला 'खोटं', आणि मग थोड्या वेळाने, "कुत्रं बरं आहे." चेहऱ्यांच्या पुस्तकाची गंमतच झाली. ती हसऱ्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "हा?" तो म्हणाला, "रडतोय." मग रडक्यावर बोट ठेवलं, तो म्हणाला, "हसतोय." चुकलं, असं ती म्हणणार इतक्यात तिला कळलं की त्याच्या बाजूने हसऱ्याचं तोंड खालीच वळतं. ती खूप दिवसांनी खळखळून हसली. डोळ्यांत पाणी आलं. तो तिच्याकडे न बघता पुढचं पान उलटायची वाट बघत होता.

असे तीन आठवडे गेले. ती बुधवारी जायची, शनिवारी जायची. बासष्टच्या बासष्ट वाचून झाली. शेवटच्या शनिवारी पुस्तकं पिशवीत भरताना, कधीचं मनात घोळत होतं ते तिने बोलून टाकलं.

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. माझ्या घरी येशील? राहायला?"

"नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं त्याला नीट कळलं नसेल. "दोन खोल्या आहेत. टेबल आहे. रोज पुस्तक वाचू. मी समोर बसेन."

"नाही. साडेबाराला जेवण. वॉचमन पेपर."

आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. कांदा महागला, हे सांगावं तसं सांगितलं. बेचाळीस वर्षं तिने एक ओझं वागवलं होतं, की तो तिथे खिडकीशी बसून कोणीतरी घरी न्यायची वाट बघतोय. तो वाट बघत नव्हता. त्याला त्याची खुर्ची होती, त्याचा पेपर होता, जेवणाची वेळ होती. यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जेवणाची घंटा झाली, तो उठून चालू लागला. रिकाम्या खोलीत ती पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा बांधत राहिली. न्यायची वाट बघत होतं ते कोणी वेगळंच होतं.

सोमवारी तिने यादी कार्यवाहांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला.

"तेवीसच? आपलं चाळीसचं ठरलं होतं."

"तेवीसच निघाली."

"आणि हे काय? 'मिठी टोचते.' 'हे खरं.' 'आई ओरडते ते बरोबर लिहिलंय.' बाई, समितीपुढे जायचंय हे." त्यांनी पान उलटलं. यादीच्या शेवटी तिने एक ओळ लिहिली होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली. "वाचून मत देणारा: माझा भाऊ." चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला भाऊ आहे?"

"आहे. धाकटा. स्वमग्न आहे. संस्थेत असतो."

देवघेवीच्या खिडकीवर शिक्का मारायचा आवाज थांबला. तिथल्या त्या जुन्याच बाई निवृत्तीनंतर यंदा सहा महिन्यांच्या करारावर परत आल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही, पण ऐकलं.

"इतकी वर्षं बोलला नाहीत कधी," कार्यवाह म्हणाले.

मला कोणी विचारलं नाही, असं म्हणणं सोपं होतं. "विचारलं होतं तुम्ही लोकांनी," ती म्हणाली. "मीच नाही म्हणाले."

कार्यवाह काही वेळ यादी नुसती सरळ करत बसले. माणूस वाईट नव्हता, पण अशा जागी काय बोलायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तेवीस तर तेवीस. उरलेल्या जागेत काय ठेवू?"

"काही नको. मोकळी राहू दे. मुलांना बसायला होईल."

दुपारी देवघेवीच्या बाई तिच्या टेबलाशी आल्या, डबा उघडून समोर ठेवला आणि भावाबद्दल काहीही न विचारता जेवू लागल्या. तिला ते बरं वाटलं. विचारलं असतं तरी चाललं असतं.

फळी लागल्यावर शिवणकामवाली बाई आली. पुस्तकताईने स्वतः उठून तिला सांगितलं, "तुम्ही मागितलं होतंत तसं पुस्तक मिळालं नाही मला. शेजारी कसं बसायचं, ते."

"मला वाटलंच होतं," ती बाई म्हणाली.

पुस्तकताईने तिला पिवळं पुस्तक दिलं, आणि म्हणाली की हे चिमीला नको, तिच्या शाळेतल्या बाईंना द्या, वर्गात मोठ्याने वाचायला सांगा. उपयोग होईल असं वचन तिने दिलं नाही. त्या बाईने पुस्तक पिशवीत घातलं. चिमी खिडकीखालच्या मोकळ्या फळीवर पुस्तक घेऊन पाय दुमडून बसली होती. पुस्तकताई जाऊन तिथे टेकली, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून. चिमीने ते अंतर एकदा पाहिलं आणि पुन्हा आपल्या पानाकडे वळली.

त्यानंतर शनिवार सुटले नाहीत. फक्त एकदा तिला तापाने गाठलं आणि एक शनिवार चुकला. पुढच्या वेळी गेली तर मावशी दारातच म्हणाल्या, "मागच्या खेपेला बसून होता हो टेबलाशी. घंटा होईपर्यंत."

"माझी वाट बघत?"

मावशी म्हणाल्या, "तुमची की पुस्तकाची, ते मला नाही सांगता यायचं."

बाळ समोरच्या खुर्चीत येऊन बसला. तिने मोजे दिले, त्याने मोजले. ती म्हणाली, "मागच्या शनिवारी मी आले नाही. मला बरं नव्हतं."

"पुस्तक नव्हतं," तो म्हणाला.

"हो. पुस्तकही नव्हतं."

त्याची बोटं टेबलाच्या कडेवरून मागेपुढे फिरत होती. त्याला आणखी काही म्हणायचं नव्हतं. मग तिने पिशवीतून नवं पुस्तक काढलं, आपल्यासमोर सरळ उघडलं, आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.